रेड हुकचे वाय-फाय: वादळात टिकलेले नेटवर्क आणि मागे पडलेले फर्मवेअर

न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या पश्चिम किनाऱ्यावर रेड हुक नावाची जुनी बंदरवस्ती आहे. तिच्या तीन बाजूंना पाणी आहे आणि चौथ्या बाजूने गेलेल्या महामार्गाने तिला उरलेल्या ब्रुकलिनपासून वेगळे पाडले आहे. भुयारी रेल्वेचे एकही स्थानक वस्तीत नाही. बी-61 क्रमांकाच्या बसवरच बहुतेकांची ये-जा चालते. सुमारे 11,000 लोकसंख्येपैकी निम्म्याहून अधिक माणसे 'रेड हुक हाउसेस' या सार्वजनिक गृहसंकुलात राहतात. 1930 च्या दशकाच्या अखेरीस उभे राहिलेले हे संकुल ब्रुकलिनमधील अशा संकुलांपैकी सर्वांत मोठे आहे. या वस्तीत 2011 पासून एक सामुदायिक वायरलेस नेटवर्क उभे राहिले, 2012 च्या ऑक्टोबरमध्ये सँडी वादळाने त्याची कसोटी पाहिली आणि त्यानंतर काही वर्षांतच ज्या मुक्तस्रोत फर्मवेअरवर, म्हणजे राउटरमध्ये भरलेल्या मूळ आज्ञावलीवर, ते चालत होते त्याचा विकास थांबला. सामुदायिक नेटवर्कांच्या चर्चेत यांतली वादळाची गोष्ट वारंवार सांगितली जाते आणि फर्मवेअरची गोष्ट सहसा वगळली जाते. माझ्या मते या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तरच या प्रकरणातून काही हाती लागते.

उभारणी

'रेड हुक इनिशिएटिव्ह' ही 2002 पासून वस्तीतील तरुणांबरोबर काम करणारी संस्था आहे. 2011 च्या शरद ऋतूत तिने वॉशिंग्टनच्या न्यू अमेरिका फाउंडेशनच्या 'ओपन टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट' या विभागाशी संपर्क साधला. संस्थेची मागणी साधी होती: आपल्या इमारतीच्या आसपास लोकांना वाय-फाय मिळावे आणि त्यावर वस्तीची स्वतःची माहिती, वस्तीतल्या लोकांनीच भरलेली, वाचता यावी. त्यानुसार संस्थेच्या छतावर युबिक्विटी कंपनीचे नॅनोस्टेशन हे छोटे बाह्य राउटर बसवण्यात आले आणि पुढच्या वर्षी कॉफी पार्क या उद्यानाजवळच्या एका निवासी इमारतीच्या छतावर, पहिल्या राउटरशी दृष्टिरेषा साधेल अशा जागी, दुसरे. सुरुवात इतकीच होती, आणि ती इतकी छोटी होती हे लक्षात ठेवावे लागते, कारण नंतरच्या वर्णनांत हे नेटवर्क वादळापूर्वीच साऱ्या वस्तीवर पसरलेले होते असा समज होऊन बसतो.

नॅनोस्टेशन घेतले म्हणजे मेश नेटवर्क, म्हणजे एकमेकांचे संदेश पुढे नेणाऱ्या राउटरांचे जाळे, तयार होत नाही. कंपनी त्यात जे फर्मवेअर भरून देते ते राउटरला एखाद्या मनोऱ्याकडून जोडणी घ्यायला किंवा इतरांना जोडणी द्यायला शिकवते. शेजारच्या कोणत्याही समान राउटरशी बरोबरीच्या नात्याने बोलून, तिसऱ्याचा संदेश चौथ्याकडे पोहोचवण्याचे काम ते करत नाही. त्यासाठी मूळ फर्मवेअर काढून दुसरे बसवावे लागते. ही वाट 2003 मध्ये मोकळी झाली. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी54जी या घरगुती राउटरमध्ये लिनक्स वापरले असल्याचे तेव्हा उघड झाले आणि जीपीएल परवान्याच्या अटीप्रमाणे कंपनीला त्याचा स्रोत, म्हणजे आज्ञावलीचा मूळ मजकूर, प्रसिद्ध करावा लागला. त्यातून 2004 मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प सुरू झाला, आणि आज जगभरातील बहुतेक सामुदायिक नेटवर्कांचे फर्मवेअर त्याच खोडावरची फांदी आहे. ओपन टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट घडवत असलेले 'कमोशन' हे फर्मवेअरही ओपनडब्ल्यूआरटीवरच बेतलेले होते. त्याच्या 1.0 आवृत्तीला 2012 मध्ये अजून वर्षभर अवकाश होता. ती 2013 च्या डिसेंबरअखेर आली.

कमोशनमध्ये संदेशाचा मार्ग ठरवण्याचे काम ओएलएसआर हा प्रोटोकॉल करत असे. प्रत्येक राउटर ठरावीक अंतराने एक छोटी हाक देतो, शेजाऱ्यांच्या किती हाका ऐकू आल्या आणि आपल्या किती हाका त्यांच्यापर्यंत पोहोचल्या याची नोंद ठेवतो आणि त्यावरून कोणत्या वाटेने पाठवलेला संदेश कमीत कमी पुनरावृत्तीत पोहोचेल याचा अंदाज बांधतो. एखादा राउटर बंद पडला की हाका थांबतात आणि उरलेले राउटर कोणी सांगण्याची वाट न पाहता दुसरी वाट धरतात. याची किंमतही असते. एकाच रेडिओने ऐकणे आणि पुढे सांगणे दोन्ही करायचे असेल, तर दर टप्प्यागणिक उपलब्ध वेग साधारण निम्मा होतो. त्यामुळे दोन-तीन टप्प्यांचे नेटवर्क चांगले चालते आणि सहा-सात टप्प्यांचे फक्त मजकुरापुरते उरते. रेड हुकमध्ये टप्पे कमी होते. त्यामुळे ही अडचण तेथे कधी मोठी झाली नाही.

मला या उभारणीतला सर्वांत मोलाचा भाग राउटरचा वाटत नाही, तो सर्व्हरचा वाटतो. पार्सन्स या कलाशिक्षण संस्थेतील एका विद्यार्थ्याने 'टाइडपूल्स' नावाचा मुक्तस्रोत नकाशा-मंच तयार केला होता आणि तो रेड हुकच्या स्थानिक नेटवर्कवर चालवला जात असे. हा वस्तीचा नकाशा होता आणि त्यावर वस्तीतल्या माणसांनी आपल्या गोष्टी टाकायच्या होत्या. काय टाकायचे हे ठरवण्यासाठी रहिवाशांशी बोलणी झाली आणि त्यातून दोन उपयोग पुढे आले. पहिला म्हणजे बी-61 बस आत्ता कोठे आहे हे दाखवणे. दुसरा म्हणजे पोलिसांनी रस्त्यात थांबवून झडती घेण्याच्या प्रकारांची नोंद, कारण त्या काळात न्यूयॉर्कमधील गरीब वस्त्यांतील तरुणांच्या रोजच्या जगण्यातला तो मोठा प्रश्न होता. जगात कोठेही वापरता येणारे गप्पांचे साधन आपल्या सर्व्हरवर बसवणे सोपे आहे, पण आपल्या वस्तीबाहेर कोणाला ज्याची गरज नाही असे काहीतरी आपल्या सर्व्हरवर असणे हे स्थानिक सर्व्हर चालवण्याचे खरे कारण आहे, आणि रेड हुकने ते सुरुवातीलाच ओळखले.

सँडी

29 ऑक्टोबर 2012 च्या संध्याकाळी सँडी न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर धडकले. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला बॅटरी येथे पाण्याची पातळी जवळपास 14 फुटांवर गेली आणि रेड हुकच्या सखल रस्त्यांवर बंदराचे पाणी शिरले. वादळग्रस्त भागातील सुमारे एक चतुर्थांश मोबाइल मनोरे बंद पडल्याचे अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने नंतर सांगितले. रेड हुक हाउसेसमध्ये वीज, गरम पाणी आणि उब यांविना जवळजवळ दोन आठवडे, काही इमारतींत त्याहूनही अधिक काळ, लोकांना काढावा लागला. उद्वाहने बंद, जिने अंधारे आणि वरच्या मजल्यांवर वृद्ध व आजारी माणसे अडकलेली, अशी ती स्थिती होती.

रेड हुक इनिशिएटिव्हच्या इमारतीत मात्र वीज टिकली होती. या एका गोष्टीमुळे पुढचे सारे शक्य झाले. लोक फोन चार्ज करायला, ऊब घ्यायला, अन्न आणि बातमी मिळवायला तेथे येऊ लागले, आणि इमारतीच्या छतावरचे राउटर चालू असल्याने आसपासच्या लोकांना नेटवर्क मिळत राहिले. वस्तीतील ब्रुकलिन फायबर ही छोटी इंटरनेट कंपनी पुढे आली आणि तिने संस्थेला जोडणी दिली. ओपन टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटची माणसे येऊन नेटवर्क वाढवू लागली, आणि केंद्र सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेने, म्हणजे फेमाने, आपली उपग्रह जोडणी याच नेटवर्कला जोडून दिली, जेणेकरून मदतकार्यातल्या संस्था आणि रहिवासी दोघांनाही ती वापरता यावी. टाइडपूल्सवर एक नवा भाग घाईने तयार झाला: ज्यांच्याकडे साधा फोन आणि थोडेफार मोबाइल सिग्नल होते त्यांनी आपला पत्ता आणि गरज एसएमएसने कळवायची आणि ती नकाशावर उमटायची.

येथे थांबून हे नेटवर्क काय करू शकले नाही तेही सांगणे आवश्यक आहे, कारण मेश नेटवर्क म्हणजे सगळे बंद पडले तरी चालणारी यंत्रणा, असे विधान या प्रकरणाच्या आधाराने अनेकदा केले जाते. मेशने वीज निर्माण केली नाही. ती एका इमारतीत सुदैवाने टिकली. मेशने इंटरनेट निर्माण केले नाही. ते शेजारच्या कंपनीने आणि नंतर उपग्रहाने दिले. अंधाऱ्या गृहसंकुलाच्या दहाव्या मजल्यावरच्या माणसापर्यंत वाय-फाय पोहोचले नाही. त्याच्यापर्यंत स्वयंसेवक जिने चढून गेले आणि त्याची गरज एसएमएसने, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या अर्धवट सुरू झालेल्या मनोऱ्यांवरून, नकाशावर आली. मेशने जे केले ते नेमके असे होते: मदतीची जोडणी जेथे मिळाली तेथून ती जेथे माणसे गोळा झाली होती तेथवर, कोणाची परवानगी न घेता आणि नवी तार न टाकता, त्याच दिवसांत नेता आली. फेमाच्या उपग्रह जोडणीला वस्तीत उतरण्यासाठी तयार जागा मिळाली, कारण तेथे आधीपासून चालणारे राउटर होते आणि ते कसे जोडायचे हे माहीत असलेली माणसे होती. वादळानंतर पेट्यांतून नवे राउटर आणून हे साधले असते असे मला वाटत नाही.

परवानगीचा मुद्दाही दुर्लक्षिण्यासारखा नाही. हे राउटर ज्या 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ पट्ट्यांत बोलतात ते परवानामुक्त आहेत. भारतात यांतील पहिला पट्टा 2005 मध्ये आणि 5 गिगाहर्ट्झचा मोठा भाग 2018 मध्ये परवानामुक्त झाला; धर्मशाळेतील सामुदायिक मेश नेटवर्क 2005 मध्येच उभे राहू शकले त्याला हेच कारण होते.

कारभारी तयार करणे

2013 च्या सुरुवातीपासून संस्थेने वस्तीतील तरुणांना 'डिजिटल स्टीवर्ड', म्हणजे नेटवर्कचे कारभारी, म्हणून प्रशिक्षण द्यायला घेतले. ही कल्पना डेट्रॉइटमध्ये आधी आकाराला आली होती. रेड हुकमध्ये साधारण एकोणीस ते चोवीस वयाच्या मुलामुलींना राउटर जुळवणे, केबलला टोके बसवणे, छतावर खांब रोवणे, दृष्टिरेषा पाहणे हे तर शिकवलेच, पण इमारतमालकाशी किंवा दुकानदाराशी बोलून छत मिळवणे, वस्तीचा नकाशा काढून कोठे नोड (नेटवर्कमधला एक राउटर) हवा हे लोकांबरोबर ठरवणे आणि नेटवर्कच्या पहिल्या पानावर काय दिसावे हे तयार करणे, हेही शिकवले. या कामाचे मानधन त्यांना मिळत असे. मी हे मुद्दाम नोंदवतो, कारण सामुदायिक नेटवर्कच्या अनेक योजना देखभालीचे काम स्वयंसेवेवर सोडतात, आणि ज्या वस्तीत लोकांना दोन नोकऱ्या करून भाडे भरावे लागते तेथे स्वयंसेवेचा अर्थ काही महिन्यांनी राउटर बंद, असा होतो.

कमोशनच्या कर्त्यांनी प्रशिक्षणासाठी केलेले साहित्य हा या प्रकल्पाचा सर्वांत टिकाऊ भाग ठरला असे म्हणता येईल. त्यात चित्रांनी समजावलेले पाठ होते, कागदावर वस्ती काढून त्यावर नोड मांडण्याचे खेळ होते, आणि मुक्त परवाना असल्यामुळे कोणालाही ते बदलून वापरता येत होते. फर्मवेअरबरोबर दिलेली इशारावजा सूचनाही तितकीच प्रामाणिक होती: हे साधन तुमची ओळख लपवत नाही, इंटरनेटवरील तुमच्या हालचालींवर पाळत ठेवणे रोखत नाही, मेशवरील पाळतीपासूनही भक्कम संरक्षण देत नाही आणि रेडिओ अडथळ्याने ते बंद पाडता येते. कमोशनला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा निधी होता आणि 2011 मध्ये वृत्तपत्रांनी त्याची ओळख हुकूमशाही राजवटींत पेटीतून नेता येणारे इंटरनेट अशी करून दिली होती. तशा प्रसिद्धीत ही सूचना स्पष्ट शब्दांत छापणे सोपे नसावे, आणि ज्यांनी ती छापली त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

फर्मवेअर मागे पडते

2014 नंतर कमोशनची मोठी नवी आवृत्ती आली नाही. निधी ठरावीक मुदतीचा होता, विकासक पगारी होते, आणि निधी संपल्यावर ते इतर कामांकडे गेले. स्रोत खुला होता. तो कोणीही घेऊन पुढे नेऊ शकत होते. पण कमोशनने ओपनडब्ल्यूआरटीवर बरेच काही स्वतःचे रचले होते: स्वतःचे सेटिंगचे पडदे, सर्व्हल या दुसऱ्या मुक्तस्रोत प्रकल्पाकडून घेतलेली सुरक्षा-किल्ल्यांची व्यवस्था, नेटवर्कवर कोणत्या स्थानिक सेवा आहेत हे जाहीर करण्याची पद्धत. ओपनडब्ल्यूआरटीची नवी आवृत्ती आली की हे सारे थर तिच्याशी जुळवून घ्यावे लागतात, आणि ते काम चिकाटीचे, कंटाळवाणे आणि बाहेरून न दिसणारे असते. पगारी विकासक गेल्यावर ते करणारे कोणी उरले नाही.

दुसरे संकट यंत्रांच्या बाजूने आले. 2014 मध्ये अमेरिकी नियामकाने 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील उपकरणांसाठी नियम कडक केले: रेडिओची शक्ती किंवा वारंवारता कोणाला नियमाबाहेर नेता येऊ नये याची तजवीज उत्पादकाने करायची. कारण खरे होते, विमानतळांजवळच्या हवामान-रडारांना वाय-फायचा अडथळा होत होता. परंतु 2015 मधील मार्गदर्शक कागदात, परकी फर्मवेअर बसवण्यापासून उपकरण कसे सुरक्षित आहे ते सांगा, अशी विचारणा एका मुक्त फर्मवेअरचे नाव घेऊन करण्यात आली. विरोध झाल्यावर ती भाषा त्याच वर्षी बदलण्यात आली, तरी उत्पादकांनी सर्वांत स्वस्त उपाय निवडला आणि संपूर्ण फर्मवेअरलाच कुलूप घातले. 2016 च्या ऑगस्टमध्ये टीपी-लिंकने नियामकाशी झालेल्या तडजोडीत 2,00,000 डॉलर भरले आणि त्याच तडजोडीत मुक्तस्रोत फर्मवेअरला वाव देण्याच्या दिशेने काम करण्याचे मान्य केले. दंडाच्या आदेशात असे कलम येणे विरळाच. युबिक्विटीच्या मूळ फर्मवेअरच्या नंतरच्या आवृत्त्यांतही स्वाक्षरी-तपासणी, म्हणजे कंपनीची डिजिटल सही नसलेले फर्मवेअर नाकारण्याची सोय, आली, त्यामुळे नॅनोस्टेशनवर दुसरे फर्मवेअर चढवण्याआधी जुन्या आवृत्तीवर परत जाण्याची खटपट करावी लागू लागली. शिवाय जुन्या नॅनोस्टेशनमध्ये 32 एमबी स्मृती होती आणि ओपनडब्ल्यूआरटीच्या पुढच्या आवृत्त्यांना ती अपुरी पडू लागली.

याचा प्रत्यक्ष परिणाम छतावर दिसतो. 2017 च्या ऑक्टोबरमध्ये वाय-फायच्या डब्ल्यूपीए2 सुरक्षेतील क्रॅक ही त्रुटी जाहीर झाली तेव्हा ओपनडब्ल्यूआरटीच्या चालू शाखांना काही दिवसांत दुरुस्ती मिळाली. ज्याचे विकासक निघून गेले आहेत अशा फर्मवेअरवर चालणाऱ्या राउटरसाठी ही दुरुस्ती कोणाला तरी स्वतः बसवावी लागते, नाहीतर ती येतच नाही.

याच काळात तग धरलेली फर्मवेअर पाहिली तर फरक लक्षात येतो. जर्मनीतील फ्रायफुंक या सामुदायिक वाय-फाय चळवळीच्या स्थानिक गटांनी वापरलेले ग्लुऑन आणि अर्जेंटिना, कातालोनिया व इटलीतील गटांनी मिळून घडवलेले लिब्रेमेश ही दोन्ही ओपनडब्ल्यूआरटीवरचा पातळ थर आहेत. त्यांची वाट शोधण्याची मुख्य यंत्रणा बॅटमॅन-अॅडव्हान्स्ड ही 2011 पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे, म्हणून ती सांभाळण्याचा भार एकट्या छोट्या गटावर पडत नाही. आणि त्यांचे विकासक हे स्वतः त्या नेटवर्कांचे वापरकर्ते आहेत. कमोशन दूरच्या कार्यालयात, दुसऱ्यांसाठी, निधीवर घडले. मला ही तुलना करताना कमोशनच्या कर्त्यांना दोष द्यायचा नाही. पण फर्मवेअर निवडताना परवाना पाहिला जातो आणि ते कोण वापरते, हे पाहिले जात नाही, ही चूक अनेक नेटवर्कांनी केली आहे.

आता असे नेटवर्क चालवायचे तर

रेड हुकचा नमुना पुढे न्यूयॉर्क महापालिकेच्या राइज-एनवायसी योजनेतून सँडीग्रस्त अशा इतर वस्त्यांत नेण्यात आला. ब्रॉन्क्समधील हंट्स पॉइंट त्यांपैकी एक. त्यात राउटर, बॅटरी आणि स्थानिक सर्व्हर एका हातपेटीत बसवलेले संच तयार झाले, म्हणजे वीज आणि सर्व्हर यांचा प्रश्न सुदैवावर न सोडता आधीच सोडवण्याचा प्रयत्न झाला.

स्थानिक सर्व्हरचा प्रश्न मात्र 2012 पेक्षा आज अधिक अवघड आहे. छोट्या संगणकावर मॅट्रिक्स किंवा एक्सएमपीपी सर्व्हर बसवून वस्तीपुरती गप्पांची सोय करणे काही तासांचे काम आहे. पण बाहेरचे इंटरनेट तुटले की अँड्रॉइड फोन आपल्या ठरलेल्या पत्त्यावर चौकशी करतो, उत्तर मिळाले नाही की या वाय-फायला इंटरनेट नाही असे समजून मोबाइल डेटाकडे वळतो, आणि वापरणाऱ्याला वाटते की स्थानिक सेवाच बंद पडली. ब्राउझर सुरक्षित जोडणीसाठी प्रमाणपत्र मागतात. स्वतः सही केलेले प्रमाणपत्र दिले तर धोक्याचा लाल पडदा येतो आणि लोक मागे फिरतात. त्यावर एक चांगला उपाय असा की इंटरनेट चालू असतानाच, स्वतःच्या डोमेननावासाठी, डीएनएसच्या (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेच्या) नोंदीवरून पडताळणी करून लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या सेवेचे प्रमाणपत्र घ्यावे आणि त्या नावाचा पत्ता नेटवर्कच्या आतल्या डीएनएसमध्ये स्थानिक सर्व्हरकडे वळवावा. नव्वद दिवसांचे प्रमाणपत्र मुदतीच्या बऱ्याच आधी नव्याने घेत राहिले, तर तारा तुटण्याच्या दिवशी किमान काही आठवड्यांची मुदत हाती असते. फोनच्या सवयीवर असा नेमका उपाय नाही; त्यासाठी लोकांनी ती स्थानिक सेवा रोज वापरलेली असावी आणि 'इंटरनेट नसले तरी जोडलेले राहा' हा पर्याय निवडायची त्यांना सवय असावी लागते.

मागे पडलेल्या फर्मवेअरवरून नव्यावर जाणे हेही नियोजनाचे काम आहे. वेगळा प्रोटोकॉल बोलणारे राउटर एकमेकांना ओळखत नाहीत, म्हणून एक-एक नोड बदलत गेले तर मधल्या काळात नेटवर्कचे दोन तुकडे होतात. सुरक्षित क्रम असा: प्रवेशद्वाराच्या, म्हणजे जेथून इंटरनेट आत येते त्या, नोडशेजारी नव्या फर्मवेअरचा दुसरा राउटर बसवून दोन्ही तारेने जोडावेत, मग टोकाकडून न येता प्रवेशद्वाराकडून बाहेर सरकत प्रत्येक छत बदलावे आणि जुन्या सेटिंगची प्रत प्रत्येक नोडची वेगळी जपून ठेवावी. 32 एमबी स्मृतीचे नॅनोस्टेशन मेशमधून काढून, मूळ फर्मवेअरवर परत नेऊन दोन छतांमधील साध्या थेट दुव्यासाठी वापरता येते. तेथे त्याच्यावर भार कमी असतो आणि अँटेना अजून चांगलीच असते. या प्रत्येक पायरीसाठी कोणालातरी शिडी लावून छतावर जावे लागते आणि त्याआधी इमारतमालकाला फोन करावा लागतो.